दोनदा वारलेले त्रिंबक गोविंद

आमच्या प्रेसमध्ये तपासून झालेली प्रुफं टाकून देत नाहीत, भिंतीवरच्या तारेत ओवून ठेवतात. एक ओवलं की दुसरं येतं, आणि वर्षाखेरीस पाहावं तर तार वाकलेली! किस्स्यांचंही तसंच आहे. ते गोळा करायला मुद्दाम कुणी बसत नाही. मी रोज डायरीचं एक पान लिहितो, एवढंच. पण अठ्ठ्याण्णव सालापासूनच्या डायऱ्या परवा चाळल्या, तर एकच नाव इतक्या वेळा आलेलं दिसलं की निवलेला राग पुन्हा वर आला. ते नाव म्हणजे त्रिंबक गोविंद.

आडनाव लिहीत नाही. घराणं नांदतं आहे, आणि माझं त्यांच्याकडे जाणं-येणं आहे.

राजेमहाराजांचं बरं असतं. एका नावाचे चार झाले तरी मागे पहिला, दुसरा, तिसरा लावलं की काम झालं. कुणी घोटाळा केलाच तर परीक्षेत मार्क जातात. आमच्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत. त्रिंबकाचा गोविंद, गोविंदाचा त्रिंबक, त्या त्रिंबकाचा परत गोविंद. रहाटाचे पोहरे फिरावेत तसं चालू राहतं. नंबर कुणी घालत नाही. मग दोनशे वर्षांनी तो सगळा गुंता माझ्यासारख्या प्रुफं तपासणाऱ्याच्या टेबलावर येऊन पडतो.

*

रत्नागिरीतला आमचा प्रेस लहान. लग्नपत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि गावोगावच्या स्मरणिका, हे आमचं काम. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. मला अप्पा.

एके दिवशी गोविंदराव आले. पूर्णगडच्या अलीकडे खाडीकाठी एक गाव आहे, तिथले हे आंबा बागायतदार. चाळिशी ओलांडलेले, बोलायला मोठे गोड. गावातल्या शाळेला सवाशे वर्षं पूर्ण होणार होती आणि उत्सव समितीचे अध्यक्ष हेच. स्मरणिकेसाठी त्यांनी संस्थापकांचं चरित्र लिहून आणलं होतं.

चरित्र एका पानाचं. संस्थापक त्रिंबक गोविंद यांनी पेशवाईत पूर्णगडाच्या तटावर तलवार गाजवली, पुढे गावात शाळा काढली, आणि उतारवयात मीठ उचलून तुरुंगवास भोगला!

मी पेन्सिल खाली ठेवली. बोटं मोजली. दोनदा मोजली.

"भाऊ," मी म्हटलं, "हा गृहस्थ मीठ उचलताना दीडशेच्या पुढे होता!"

भाऊंनी मान वर केली नाही. "पूर्णगडची हवा चांगली आहे अप्पा. छापा."

*

मी छापायला दिलं नाही. रविवारी प्रेस बंद असतो तेव्हा मागच्या खोलीत आमची बैठक भरते. जुने कागद घेऊन बसायचं आणि चहा प्यायचा, एवढंच तिचं स्वरूप. बैठकीतले जाणते म्हणजे बंडोपंत. रिटायर्ड तलाठी, मोडी सरसर वाचणारे. दोन महिने आम्ही त्या घराण्याचे कागद लावत होतो. शेवटी त्रिंबक गोविंद एक नाही, तीन निघाले.

पहिले किल्ल्यावरचे. पेशवाईत पूर्णगडावर चाकरीला.

दुसरे शाळेचे. त्या पहिल्यांच्या नातवाचं हे नाव. इंग्रजी अमदानीत यांनी स्वतःच्या घराच्या पडवीत शाळा काढली. गाव त्यांना गुरुजी म्हणे.

तिसरे मिठाचे. गुरुजींचे नातू. सत्याग्रहात मीठ उचलून तुरुंगात गेले ते हे. आमच्या गोविंदरावांचे वडील!

मी लग्नपत्रिकांच्या उरलेल्या पुठ्ठ्याची कार्डं कापली. किल्ल्यावरच्यांना पिवळं, गुरुजींना पांढरं, मिठाच्यांना गुलाबी. कागद सापडला की ज्याच्या त्याच्या कार्डावर नोंद. इतकं सोपं. लहान मुलालाही जमेल!

कार्डं घेऊन मी गोविंदरावांना भेटलो. म्हटलं, "शाळा निघाली तेव्हा तुमच्या वडिलांचा जन्मही झाला नव्हता."

"ते मला माहीत नाही का अप्पा? माझेच वडील ते!"

"मग?"

"तीन त्रिंबक लोकांच्या लक्षात राहत नाहीत. एक राहतो. आणि स्वातंत्र्यसैनिकाच्या नावाची शाळा म्हटलं की मंत्री येतात. पडवीतल्या पंतोजीसाठी कोण येणार? नाव तर तेच आहे ना?"

चुकून चुकणाऱ्याचा मला कधी राग येत नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुकांवर पोट भरतो आहे. पण ठाऊक असून चुकणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. मला चहा घ्यावासा वाटला नाही. तसाच उठलो.

*

पंधरा दिवसांनी प्रेसच्या पायरीवर एक म्हातारी उभी. नऊवार लुगडं, काखेत कापडी पिशवी, एसटीने एकटी आलेली.

"कार्डं करणारा अप्पा तो कोण?"

त्या सुमतीआत्या. गोविंदरावांची सख्खी आत्या, म्हणजे मिठाच्या त्रिंबकरावांची धाकटी बहीण आणि गुरुजींची नात. वय ऐंशी. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. गुरुजींच्या हातचं शाळेचं हजेरीपत्रक! वाळवीने कडा खाल्लेल्या, पण अक्षर असं की आमच्या कंपोझिटरने शिकावं.

शाळेतली पहिली सगळी मुलं खारवीवाड्यातली. मासेमाऱ्यांची पोरं. गैरहजेरीच्या रकान्यात गुरुजींनी कारणं लिहिली होती. "बापासोबत होडीवर." "ताप." आणि पानोपानी, पुन्हा पुन्हा, "वाटेत मारले."

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"गावाने. आणखी कुणी? आपल्या पडवीत खारव्यांची पोरं बसवली म्हणून आजोबांना वाळीत टाकलं. विहीर बंद, न्हावी बंद, लग्नकार्य बंद. मग खारवीवाड्यातल्या बाया उजाडायच्या आत घागरी भरून आमच्या पायरीवर ठेवून जायच्या. आणि आजोबा ते पाणी प्यायले, अप्पा! त्या काळात! अकरा वर्षं प्यायले."

बाहेर मशीन चालू होतं. भाऊंनी ते बंद करायला सांगितलं.

"दादा तुरुंगात गेला तेव्हा गावाने त्याला हार घातले," आत्या म्हणाल्या. "चांगलं केलं. माझा भाऊ तो, मला अभिमान आहे. पण आजोबा रस्त्याने जात तेव्हा ह्याच गावाने दारं लावून घेतली. आता शाळा हार घातलेल्याच्या नावावर केली, की लावलेली दारं कुणाला आठवायला नकोत! गोविंदाला मंत्री हवा आहे, आणि गावाला हे हवं आहे."

मला दोन महिन्यांत कळलं नव्हतं ते या बाईने दोन वाक्यांत सांगितलं.

"फाटकावर दगड बसवणार आहेत म्हणे संस्थापकाच्या नावाचा," त्या निघताना म्हणाल्या. "मी काय पिकलं पान. दगड बसायच्या आत माझ्या आजोबांना त्यांची शाळा मिळाली पाहिजे. एवढं कर."

भाऊ स्वतः उठून त्यांना स्टँडपर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "मी तसा व्यापारी माणूस आहे अप्पा, हे लक्षात ठेवा." मला काही कळेना. मी काही बोललोच नव्हतो!

*

स्मरणिकेत संस्थापकांचं चित्र हवं. गुरुजींचा फोटो नाही. त्या काळी गावात कॅमेरा कुठला! गोविंदरावांनी वडिलांचा टोपीतला फोटो चित्रकाराला दिला आणि सांगितलं, "यावरूनच तीन काढ. किल्ल्यावरचं, शाळेतलं, सत्याग्रहातलं."

चित्रकार कामाला चोख. पहिल्या चित्रात टोपी काढून पगडी घातली, मिशा वर वळवल्या, हातात तलवार दिली. दुसऱ्यात तलवार काढून छडी दिली, खांद्यावर उपरणं टाकलं. तिसऱ्यात काहीच करावं लागलं नाही.

मी आक्षेप घेतला. चित्रकार म्हणाला, "घराण्याचं नाक सारखंच असतं हो."

चित्रं समितीच्या बैठकीत मांडली. आत्यांना मुद्दाम बोलावलं होतं, कारण घरातलं जुनं माणूस हो म्हणालं की बाकीच्यांची तोंडं बंद. आत्यांनी चष्मा लावला. तिन्ही चित्रं नीट पाहिली. मग भाच्याला विचारलं,

"काय रे गोविंदा, दादाने नाटक कंपनी कधी काढली होती?"

चित्रं मंजूर झाली. पाच विरुद्ध एक.

*

त्याच हिवाळ्यात पुण्याहून एक प्राध्यापक व्याख्यानाला आले. विषय: 'त्रिंबक गोविंद यांचा वैचारिक प्रवास'. हॉल भरलेला. पुढच्या रांगेत गोविंदराव.

सरांनी प्रवास फार सुंदर रंगवला. तरुणपणी तलवारीवर विश्वास असलेला हा माणूस पुढे लेखणीकडे वळतो. इंग्रजी विद्येचं महत्त्व ओळखतो. आणि शेवटी त्याच इंग्रजांचा कायदा मोडायला निघतो. केवढं परिवर्तन! टाळ्या पडल्या.

शंका विचारा म्हणाले, म्हणून मी उठलो. पिशवीत कार्डं होतीच.

"सर, प्रवास झाला हे खरं. पण वाटेत ते दोनदा वारले होते."

हॉल हसला. सर हसले नाहीत. "आपण कुठे शिकवता?"

"शिकवत नाही. प्रेसमध्ये प्रुफं तपासतो."

"मग ऱ्हस्व-दीर्घाचं काही असेल तर सांगा."

आता हॉल जास्त हसला. मी बसलो. जुनी अकरावी झालेल्या माणसाला बसायची सवय असते. पण शेजारी बंडोपंत होते, आणि त्यांना हळू बोलायची सवय नव्हती.

"असू द्या अप्पा. सरांचा स्वतःचा प्रवास एसटीने झालाय, त्यात मधे कुणी वारत नाही!"

*

आता बंडोपंतांच्या शोधाची गोष्ट. ही मी कितीदा सांगितली असेल!

किल्ल्याच्या जुन्या कागदांत त्यांना एक मोडी चिठ्ठी सापडली. किल्ल्यावरच्या अधिकाऱ्याची वर तक्रार. मजकूर साधारण असा, की त्रिंबक गोविंद आठ दिवसांची रजा घेऊन मेव्हणीच्या लग्नास गेला, तो दोन महिने झाले तरी परतला नाही, आणि दारूगोळ्याच्या कोठाराची किल्ली त्याच्या कनवटीला आहे!

म्हणजे तलवार गाजवणं दूरच. त्या दोन महिन्यांत शत्रू आला असता तर किल्ल्यावर फोडणीलासुद्धा दारू मिळाली नसती. बंडोपंत हसून हसून खोकायला लागले. मी पिवळ्या कार्डावर नोंद केली. बातमी फुटली, कारण बंडोपंत.

तिसऱ्या दिवशी गोविंदराव प्रेसमध्ये हजर.

"अप्पा, तो चिठ्ठीतला त्रिंबक गोविंद वेगळा हं!"

"कशावरून?"

"अहो, एका नावाची माणसं नसतात का? आमच्या घराण्यात तर रीतच आहे. काळ बघा की! तुम्ही इतके अभ्यासू, तुम्हाला मी सांगायचं?"

मी खुर्ची पुढे केली. "बसा. अगदी बरोबर बोललात. मग किल्ल्यावरचे वेगळे करू. त्याच न्यायाने गुरुजीही वेगळे करू आणि तुमचे वडीलही."

"ते कशाला?" गोविंदराव म्हणाले. "ती कामं चांगली आहेत!"

*

स्मरणिकेची पानं लागली. मी हट्टाने एक पान घातलं होतं. गुरुजींच्या हजेरीपत्रकाचा फोटो आणि खाली चार ओळी, की ही शाळा यांनी काढली, हे यांचं अक्षर, हे सत्याग्रहींचे आजोबा. विशेषणं एकही नाही. शेवटच्या प्रुफात त्या पानावर आमरसाच्या डब्यांची जाहिरात आली!

"गोविंदरावांनी बदलायला सांगितलं," भाऊ म्हणाले.

"आणि तुम्ही बदललंत?"

"काम त्यांचं आहे अप्पा."

मी तीन दिवस भाऊंशी बोललो नाही. चौथ्या दिवशी भाऊंनी टेबलाखालून एक गठ्ठा काढून माझ्यासमोर आपटला. काढून टाकलेलं पान! दोनशे प्रती. कागद लग्नपत्रिकांचा, एक लग्न मोडलं म्हणून पडून राहिलेला. त्यामुळे प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत 'शुभविवाह', दोन्ही बाजूंना केळीचे खांब, आणि मधे गुरुजींचं हजेरीपत्रक: बापासोबत होडीवर, ताप, वाटेत मारले.

"आत्यांकडे पोचवा," भाऊ म्हणाले. "कुणी विचारलं तर वाया गेलेली छपाई म्हणा."

आत्यांनी त्या प्रती स्वतः हिंडून खारवीवाड्यात वाटल्या. मी बरोबर होतो. एका घरी पायरीवर जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्याला मी पान वाचून दाखवलं. पाचव्या नावाला त्याने हात वर केला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"तो माझा पणजा," तो म्हणाला. "वाटेत मारलंन् काय त्याला? घरात कधी बोलला नाय तो."

त्याने पान मागून घेतलं. हात आधी लुंगीला पुसले, मग घेतलं.

*

उत्सवाच्या आदल्या दिवशी शाळेचं गॅदरिंग. मुलांनी संस्थापकांच्या जीवनावर तीन अंकी नाटक बसवलेलं. तिन्ही अंकांत नायक एकच मुलगा, कारण चरित्रात माणूस एकच!

पहिल्या अंकात त्रिंबक गोविंद तटावर लढले. मेव्हणीच्या लग्नाचा उल्लेख नव्हता. छातीत गोळी लागली, 'हर हर महादेव' म्हणून कोसळले, पडदा पडला. बाया डोळे पुसत होत्या. दोन मिनिटांनी पडदा वर गेला, तर तेच त्रिंबक गोविंद उपरणं घेऊन फळ्याजवळ उभे!

पहिल्या रांगेत बालवर्गातली एक मुलगी बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "बाई, हा मगाशी मेला ना?"

बाईंनी क्षणभर विचार केला. अध्यक्ष शेजारीच बसलेले.

"हो गं. आता शाळा काढायला उठलाय."

*

दुसऱ्या दिवशी दगडाचं अनावरण. मंत्री आले नाहीत, त्यांनी कुणाला तरी पाठवलं. त्या पाहुण्यांनी दोरी ओढली, मखमलीचा पडदा बाजूला झाला. काळ्या दगडात पांढरी अक्षरं: 'संस्थापक त्रिंबक गोविंद. थोर सेनानी, शिक्षक व सत्याग्रही.' जन्म-मृत्यूची सालं नव्हती. दगडवाल्याने दोनदा मागितली होती म्हणे, कुणी दिली नाहीत. द्यायची कुठली?

मी गर्दीत मागे उभा होतो. सकाळी समितीला शेवटचं पत्र दिलं होतं, सहाव्यांदा. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. दगडाकडे पाहून मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो संताप. प्रुफातली चूक रबराने खोडता येते. दगडावरची कशाने खोडणार?

पाहुण्यांनी माईक हातात घेतला. "एका आयुष्यात केवढं कार्य!" मग व्यासपीठावर खुर्चीत बसवलेल्या आत्यांकडे वळून कौतुकाने म्हणाले, "आणि आजी, आपण त्यांच्या कोण?"

माईक आत्यांच्या तोंडाशी आला.

"या दगडाप्रमाणे सांगू?" आत्या म्हणाल्या. "मग मी त्यांची नात. आणि त्यांचीच बहीण. लिहून घ्या."

पाहुण्यांनी गोविंदरावांकडे पाहिलं. गोविंदरावांनी माईकवाल्याकडे पाहिलं. माईकवाल्याने बटण बंद केलं.

खारवीवाड्यातली माणसं मांडवाच्या कडेला उभी होती. तिकडून एकट्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

दगड मात्र तसाच राहिला. अजून तसाच आहे. पूर्णगडला जाताना एसटीच्या डाव्या खिडकीतून दिसतो. मी उजवीकडे बसतो.

*

यानंतर दोन वर्षांनी गोविंदरावांना मुलगा झाला. दोन मुलींच्या पाठीवर चौदा वर्षांनी. पेढे अख्ख्या तालुक्यात! नावाचा प्रश्नच नव्हता. गोविंदाचा त्रिंबक, रीत ठरलेली. बारशाची आमंत्रणं आमच्याच प्रेसमध्ये छापली.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. गोविंदराव एकुलते एक, त्यांना बहीण नाही. म्हणजे मान फिरून सुमतीआत्यांकडेच आला. दगडाच्या दिवसापासून आत्यांनी भाच्याच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. गोविंदराव स्वतः जीप घेऊन गेले. आत्या येतील असं कुणालाच वाटत नव्हतं. त्या आल्या. पाणी विचारलं तर नको म्हणाल्या, आणि सरळ पाळण्यापाशी गेल्या.

आम्ही पुरुषमंडळी पडवीत. मधलं दार उघडं होतं, सगळं दिसत होतं. पाळणा झेंडूने मढवलेला. बायकांनी 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं आणि आत निजवलं. आत्या पाळण्यावर वाकल्या, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि 'कुर्रर्र' केलं. मागून बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीवर बुक्के मारायला सुरुवात केली. हसणं, गोंधळ.

नाव सांगायला वेळ तो किती लागणार? पण आत्या उठेनात. ओठ हलत होते. बायका दमल्या, बुक्के थांबले. हसणं थांबलं. बाळ टक लावून त्यांच्याकडे पाहत होतं. घुगऱ्यांची परात घेऊन आलेली बाई दारातच उभी राहिली. आत्या बोलतच होत्या, अगदी हळू. शब्द एकही बाहेर येत नव्हता.

शेवटी गोविंदराव पडवीतून ओरडले, "आत्या, अगं नाव सांगायचंय! चरित्र नाही!"

आत्यांनी बाळाच्या कानात आणखी काहीतरी सांगितलं. मग पाळण्याची दांडी धरून सावकाश कंबर सरळ केली.

"काय ठेवलं नाव?" बायकांनी विचारलं.

"त्रिंबक," आत्या म्हणाल्या. "कुठला, ते त्याला सांगितलंय."